तांडापेठ, नागपूर येथून धृती

तांडापेठ, नागपूर
८ जानेवारी १९६७

चि. सौ. प्रेमिला हिला यमुताईचा आशीर्वाद.

तुम्ही भिलाईला पोचल्याचं जागेश्वरचं कार्ड मिळालं. कार्डात क्वार्टरचा नंबर आहे, नळाला दोन्ही वेळ पाणी येतं असं आहे, थंडी इथल्यापेक्षा जास्त आहे असं आहे. आईला नमस्कार आहे. मला नाही. कारखान्याच्या नोकरीत माझा भाऊ जागा वाचवायला शिकला असेल, असं मी धरून चालते.

पत्र तुला लिहिते आहे, कारण राग तुझा आहे. तो तुझ्या मागे उभा राहून रागावतो एवढंच.

निघताना तू उंबऱ्यावर जे बोललीस ते आईनं ऐकलं नाही. तिला वाटलं, नणंद-भावजय गळ्यात पडून रडताहेत म्हणून वेळ लागतो आहे. मी तिला तसंच वाटू दिलं. बारशापासून तू माझ्याशी अक्षर बोलली नव्हतीस आणि बोललीस ते असं, "बाई, माह्या मायचं नाव तुमच्या तोंडाले जड झालं नं? मंग तुमचं नाव मी माह्या पोरीले लागू देणार नाही." रिक्षावाला घाई करत होता, तेव्हा मी तुमची पेटी उचलून रिक्षात ठेवली.

तू म्हणतेस त्यात खोटं काही नाही. नाव तुझ्या आईचं ठेवायचं ठरलं होतं. तू लहान असताना ती गेली, पवनीच्या तुझ्या माहेरी बाळंतपण करणारं कोणी उरलं नाही, म्हणून पहिली खेप असून तू इथेच राहिलीस. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी पाळण्यावर वाकले आणि पोरीच्या कानात दुसरंच नाव सांगितलं. बायकांनी माझ्या पाठीत रीतसर धपाटे घातले, आता मोठ्यानं सांगा म्हणाल्या, आणि मी म्हटलं, धृती. इतकं शांत बारसं आपल्या गल्लीत झालं नसेल. घुगऱ्यासुद्धा कोणी मागून घेतल्या नाहीत.

धृती म्हणजे धीर. धरून राहणं. देवळातल्या पुराणिकबुवांनी आदल्या आठवड्यात सांगितलं होतं, ते ऐन वेळी जिभेवर आलं. आत्यानं पाळण्यात सांगितलेलं नाव मागे घेता येत नाही. ही माझी सोय नाही, रीत आहे.

का केलं ते विचारू नकोस. तुझ्या आईचा अपमान मनात नव्हता. तिचं नाव मी या पत्रातही लिहिलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. त्याचाही राग येऊ दे.

धृतीला तेल लावताना टाळूवर जास्त दाबू नकोस. आईनं हे तीनदा सांगितलं आहे, मी एकदाच लिहिते.

यमुताई


तांडापेठ
१० सप्टेंबर १९६७

चि. सौ. प्रेमिला,

उत्तर नाही. ठीक आहे. राखी पाठवली होती, ती पोचली असं जागेश्वरनं आईच्या कार्डात एका ओळीत लिहिलं. माझं घर चालतं विणकरांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यावर, आणि त्या कामात हात गुंतलेले असले तरी डोकं रिकामं असतं. म्हणून लिहिते.

नावाची इथे काय गत झाली ते ऐक. आई धुरपता म्हणते. मी द्रौपदीचं नाव ठेवलं अशी तिची समजूत आहे आणि पाच नवरे असलेल्या बाईचं नाव काहून ठेवलं म्हणून ती माझ्यावर वेगळी रागावली आहे. शेजारच्या रुख्माबाई धरती म्हणतात. पानठेल्यावरचे भैय्याजी ध्रिती म्हणतात, त्यांच्याकडे सगळ्या ऋची रि होते. पोरं तर धूर्त म्हणूनच मोकळी होतात. मी एकेकाला बसवून शिकवते. आधी ध्रु म्हणा, ध्रुवबाळातला ध्रु. तो सगळ्यांना येतो. मग ती. ध्रु वेगळा म्हणतात, ती वेगळी म्हणतात, दोन्ही जोडायला सांगितलं की पुन्हा धरती. ज्या पोरीला इथून जाऊन आठ महिने झाले तिच्या नावासाठी मी गल्लीशी भांडते आहे, असं रुख्माबाई म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आधी नीट म्हणा, मग बोला.

दुसरं असं की भैय्याजींनी ठेल्यावर रेडिओ आणला. रविवारी दुपारी फर्माईशीची गाणी लागतात आणि गाण्याच्या आधी गावं, नावं वाचून दाखवतात. ठेल्यासमोर बायकांनी उभं राहायचं नसतं, म्हणून मी रुख्माबाईंच्या ओट्यावर बसून ऐकते. मी एक कार्ड टाकलं. "तांडापेठ, नागपूर येथून धृती, तिची आजी आणि आत्या." तीन आठवड्यांनी वाचलं. वाचणाऱ्या बाईंनी ध्रती म्हटलं आणि घाईनं पुढच्या नावावर गेल्या. मी दुसरं कार्ड टाकलं, खाली ध्रुवबाळाचं लिहून. पुढच्या वेळी त्या बाई नावाच्या आधी जरा थांबल्या आणि अगदी स्वच्छ म्हणाल्या, धृती. भैय्याजींनी ठेल्यावरून माझ्याकडे पाहून मान डोलावली. इतक्या लोकांना ऐकू जाईल असं ते नाव पहिल्यांदाच कोणी नीट घेतलं.

आता मी दर आठवड्याला कार्ड टाकते. हे स्टेशन भिलाईला लागतं असं भैय्याजी म्हणतात. लागत असेल. मी गाण्यासाठी पाठवते.

यमुताई


तांडापेठ
१४ मार्च १९७०

चि. सौ. प्रेमिला,

एक तक्रार सांगायची आहे आणि ती ऐकून घेण्याचं काम तुझ्याइतकं शांतपणे कोणी करत नाही.

कोपऱ्यावरच्या घरातल्या रुपरावाला मुलगी झाली. रुपराव म्हणजे तोच, ज्याचा माग सकाळी सगळ्यांच्या आधी सुरू होतो. तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "यमुताई, ते रेडिओवालं नाव आमच्या पोरीले ठेवू का जी?" मी नाही म्हटलं. ते नाव दिलेलं आहे, ज्या पोरीला दिलं ती भिलाईला आहे, असं सांगितलं. तो मान हलवून गेला. बाराव्या दिवशी बारशाचं बोलावणं आलं आणि त्याच्या बहिणीनं बिनदिक्कत तेच नाव ठेवलं. वर मला म्हणाली, तुम्ही होत्या म्हणून आम्हाला माहीत झालं. मी घुगऱ्या न घेता घरी आले.

मग गोळीबार चौकात एक झाली. उमरेड रोडला एक. मेयो हॉस्पिटलातल्या एका नर्सबाईनं आपल्या भाचीला ठेवलं आणि ती रेडिओच्या बाईंसारखंच स्वच्छ म्हणते. रुपरावाची बायको मात्र आपल्या पोरीला धुर्ती म्हणून हाक मारते. मी एकदा ओट्यावरून तिला दुरुस्त केलं. ती म्हणाली, पोरगी येते नं हाकेले. येते, हे खरं आहे.

आई म्हणते तुले आनंद व्हायले पाहिजे, नाव चाललं. मला तो होत नाही. शेंबडं नाक घेऊन फिरणारी ती धृती, गोळीबार चौकातली काळी टिकली लावणारी ती धृती, आणि ज्या पोरीसाठी मी ते शोधलं तिला मी ओळखणारसुद्धा नाही. आपली कशी दिसते? जागेश्वरच्या कपाळावर गेली की तुझ्या? आता बोलत असेल. नाव विचारलं तर स्वतःचं नाव कसं म्हणते? लहान पोरांना जोडाक्षर लवकर येत नाही, तेव्हा धुती म्हणत असेल. तसं असलं तर हसू नका. हसलं की पोरं तेच धरून बसतात.

फर्माईशीची कार्डं चालू आहेत. आता वाचणाऱ्या बाई बदलल्या, पण नाव बरोबर घेतात.

यमुताई


तांडापेठ
२ नोव्हेंबर १९७२

प्रेमिला,

जागेश्वरच्या खात्यातले देवराव दिवाळीला नागपूरला आले ते आईसाठी पाठवलेली रजई घेऊन घरी आले. चांगला माणूस आहे, चहा दोनदा घेतला. मी विचारलं, धृती कशी आहे? ते म्हणाले, कोण धृती? मी म्हटलं, जागेश्वरची मुलगी. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "तिचं नाव ते नाही जी. शाळेत मीच तं घेऊन गेलतो तिले," आणि त्यांनी नाव सांगितलं. तुझ्या आईचं. घरीदारी तेच आहे, पहिल्या दिवसापासून तेच.

आई त्यांना दुसरं काही विचारत होती, म्हणून माझ्या तोंडाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

तू उंबऱ्यावर सांगून गेली होतीस. मी ते बोलणं समजले होते, ठरवणं नव्हतं समजले. म्हणजे पाच वर्षं मी दर आठवड्याला एका नसलेल्या पोरीच्या नावानं गाणी मागत होते. नागपूरभर धृती झाल्या आणि भिलाईला एकही नाही. यात हसण्यासारखं आहे, पण मला हसू आलेलं नाही. मला रडू आलं. मागच्या खोलीत जाऊन रडले आणि मग देवरावांना फराळाचं दिलं.

आता तुला सांगते. चूक झाली असं म्हणण्यासाठी नाही. तू तुझं केलंस, आता माझं ऐक.

माझं सासर उमरेडचं, हे तुला ठाऊक आहे. मी तिथून परत आले हेही ठाऊक आहे. कसं आले ते आपल्या घरात बोलत नाहीत. मला मूल झालं नाही, म्हणून सासूनं मुलाचं दुसरं लग्न लावलं. ती नवी सून घरात आली त्याच आठवड्यात सासू मला म्हणाली की दोन चुली मांडायला आमच्याकडे जागा नाही, आणि नागपूरच्या मोटारीत बसवून दिलं. तो बाहेर आला नाही. मी कुंकू अजून लावते, कारण पुसावं असं काही झालेलं नाही. जागेश्वर तेव्हा शाळेत होता. माझ्या सासूला अख्खं उमरेड मोठीबाई म्हणायचं, तिचं नाव त्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही.

तिचं नाव तुझ्या आईचंच.

सासूचं नाव सून घेत नाही. मी सून उरले नव्हते, पण हे जिभेला कोणी सांगितलं नव्हतं. जिनं मला दारातून काढलं, तिचा मान मी इतकी वर्षं तोंडात राखून बसले आहे. आणि नुसती रीत असती तर बारशाला मी घसा खाकरून ते नाव घेतलंही असतं. खरं असं आहे की मला ते नाव या घरात नको होतं. दुधाची वाटी घेऊन तेच, न्हाऊ घालताना तेच, थोपटताना तेच. मला भीती वाटली, की त्या नावाच्या पोरीवर माझा जीव जडणार नाही. आणि मला दुसरी पोर कुठून येणार होती?

हे मी आधी का सांगितलं नाही? बारशाच्या आदल्या दिवशी तू तुझ्या आईचं जुनं पातळ मांडीवर घेऊन बसली होतीस, बाळाला त्यात गुंडाळायचं म्हणून. त्या पातळाकडे पाहून मी तुला काय सांगणार होते.

रेडिओची कार्डं आजपासून बंद. गल्लीत धृती आहेत, त्यांच्या आया पाठवतील.

यमुताई


तांडापेठ
१९ जून १९७८

चि. सौ. प्रेमिला,

आईच्या तेरवीनंतर तुम्ही गेलात आणि घर फार मोठं वाटायला लागलं. खोल्या दोनच आहेत. भांडी मोजून ठेवली, तुमचा एक पेला इथे राहिला आहे.

तुझी मुलगी चांगली आहे. कामसू आहे, आणि मोठ्यांच्या मध्ये बोलत नाही. मी सगळे दिवस तिला पोरी म्हणत होते, कधी बाळ म्हटलं, कधी नुसतं अगं. शेवटच्या दिवशी ती मला म्हणाली, "आत्या, मले नाव आहे नं." रागानं नाही म्हणाली. मी पाणी तापायला ठेवायचं निमित्त करून उठले. तू दारात उभी होतीस. तू तिला म्हणालीस, "त्याईले येत नाही वं ते नाव. राहू दे."

तू ते कसं म्हणालीस हे मी इतके दिवस आठवून पाहते आहे. टोमणा असेल असं आधी वाटलं. मग वाटलं, नसेल. माझी बाजू दुसऱ्या कोणी घेतल्याची मला सवय नाही, म्हणून ओळखायला वेळ लागला.

पेला पुढच्या वेळी न्या. म्हणजे या.

यमुताई


तांडापेठ
३ मार्च १९८६

चि. सौ. प्रेमिला हिला अनेक आशीर्वाद.

तुझ्या हातचं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. इतकं चांगलं अक्षर असून एकोणीस वर्षं एकही पत्र लिहिलं नाहीस, म्हणजे तुझा राग खरा होता, हे मी मान्य करते.

स्थळ चांगलं वाटतं. ओमप्रकाश नाव मला जरा लांब वाटतं, पण हाक मारायची तिनं नाही, तेव्हा चालेल. मुलगा कळमेश्वरच्या कारखान्यात आहे, घर धरमपेठेत आहे, आजोबा आपल्यासारखेच मागावर बसणारे होते. धरमपेठेत गेल्यावर ते विसरले नसतील तर उत्तमच.

आता मुद्द्याचं. मुलाच्या आई, इंदुताई, म्हणतात की मुलीचं नाव फार जुनं आहे, आमच्याकडे लग्नात नाव बदलतात, नवरा मुलगा ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितो. तू त्यांना धृती सुचवलंस. त्यांना ते एकदम आवडलं, आजकाल फार चाललंय म्हणाल्या, त्यांच्या पुतणीच्या शाळेत एका वर्गात दोन आहेत म्हणे. तू लिहितेस, "बदलायचंच आहे तं घरचं नाव राहू दे. तेव्हा मी लागू दिलं नाही, आता लागू दे." आणि पाठराखीण म्हणून तिच्यासोबत मीच जावं, नाव लिहिताना मी समोर असावं, असं लिहितेस.

मला आनंद झाला. खोटं बोलायचं वय राहिलेलं नाही. पत्र ठेवून कांड्या भरायला बसले तर सूत सारखं तुटत होतं, शेवटी रहाट बाजूला केला.

आणि तू रेडिओचं लिहिलंस. तुमच्याकडे स्टेशन लागत होतं. तू रविवारी दुपारी तो बंद करत नव्हतीस. मुलगी जरा मोठी झाली तेव्हा तिनं विचारलं की ही नागपूरची धृती कोण, आणि तू तिला सांगितलंस, आहे एक पोरगी, तिच्या आत्याची फार लाडकी. मग एका रविवारपासून आजी आणि आत्या असलेलं नाव यायचं थांबलं, आणि मुलगी विचारत राहिली की ती पोरगी कुठे गेली. ही एवढी ओळ तू त्या वेळी कार्डावर लिहिली असतीस तर मला पुरली असती. आता आली, आताही पुरते.

मी येते. पाठराखिणीला नवीन पातळ घेऊ नकोस, माझ्याकडे रुपरावनं विणलेलं आहे, त्याच्या धृतीच्या लग्नातलं. तीही गेल्या वर्षी, पंधराव्या वर्षीच, सासरी गेली. तिचं नाव तिथे कोणी बदललं नाही, धुर्तीच म्हणतात.

यमुताई


तांडापेठ
१२ मे १९८६

चि. सौ. प्रेमिला,

तुम्ही कालच्या गाडीनं भिलाईला गेलात. धरमपेठेत काय झालं ते इंदुताई तुला त्यांच्या पद्धतीनं कळवतीलच, तेव्हा माझं पत्र आधी पोचलेलं बरं. मुलगी खुशाल आहे, हे पहिलं. जावई समजूतदार आहे, हे दुसरं. तिसरं सांगायला जरा वेळ लागेल.

कार्यालयातून निघालो तेव्हा मोटारीत मी तिच्या शेजारी होते. मुंडावळ्या मागे सारून ती हळूच म्हणाली, "आत्या, एक सांगू का? धृती म्हणून कोणी हाक मारली तर मला अजून ती रेडिओवालीच आठवते. मी मागे वळून पाहीन, कोण आली म्हणून." आणि हसली. तुझ्यासारखं, खालचा ओठ दाबून. तिला नको होतं असं नाही. तिनं मान्य केलं होतं, आईनं सांगितलं म्हणून आणि आत्याला बरं वाटेल म्हणून. पोरी असंच मान्य करतात.

मलाही उमरेडला एक नाव होतं, प्रेमिला. तांदळावर लिहिलेलं. त्या नावानं मला तिथे सगळे हाका मारायचे, मीही ओ द्यायला शिकले होते. मोटारीत बसवून दिलं तेव्हा ते तिथेच राहिलं. आता ते कोणाला आठवत नसेल, मलाही उच्चारून पाहावंसं वाटत नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं.

माप ओलांडून झालं. मग बैठकीत सगळ्या बायका बसल्या, ताटात तांदूळ पसरला, ओमप्रकाशनं हातानं तो सारखा केला. इंदुताई सगळ्यांना सांगत होत्या, बघा, किती छान नाव आहे, ध्रिती. त्यांची एक जाऊ म्हणाली, ध्रुती गं. दोघींचं जरा जुंपलं. तेव्हा इंदुताई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हे नाव नागपुरात तुम्हीच आणलं म्हणतात नं? मग तुम्हीच सांगा आता, कसं म्हणायचं ते." सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. ओमप्रकाश अंगठी धरून थांबला होता.

असा मान मला आयुष्यात कोणी दिला नव्हता. एकोणीस वर्षं ज्यासाठी मी गल्लीशी भांडले, कार्डं टाकली, तुझा अबोला सोसला, ते मला ताटात वाढून आलं होतं. दोन अक्षरं म्हणायची होती. ध्रुवबाळातला ध्रु आणि ती.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून तांदळाकडे पाहत होती आणि माझ्या हातावर तिचा हात होता. मला वाटलं, या हाताला ज्या नावाची सवय आहे ते माझ्या हौसेसाठी पुसायचं? तू तिला ज्या नावानं भरवलंस, ज्या नावानं रागावलीस, त्याच्यातून तुझी आई तुला रोज परत मिळत होती. ते तू माझ्यासाठी देऊन टाकायला निघाली होतीस. मला ते घेववेना.

मी म्हटलं, "देवकी. हिचं नाव देवकी आहे. तेच लिहा."

बायकांना वाटलं मी ऐकलं नाही. इंदुताई म्हणाल्या, अहो, ते तर आहेच, नवं सांगा. मी म्हटलं, आहे तेच राहू द्या. त्या म्हणाल्या, पण तुमच्या भावजयीनंच तर धृती सुचवलं, मग आता काहून? मी म्हटलं, तिनं माझ्यासाठी सुचवलं होतं, आणि मला नको आहे. मग नाव बदललंच नाही की, असं त्या म्हणाल्या, आणि मी म्हटलं, नाही बदललं. त्यांचा चेहरा पडला. त्या रागावल्या आहेत आणि त्यांचा राग रास्त आहे, तू दोन दिवसांनी एक गोड पत्र लिहून टाक. तुझं अक्षर पाहून त्या निवळतील.

ओमप्रकाशनं आपल्या आईकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. तिनं मान वर केली होती. त्यानं अंगठीनं लिहिलं. व मोडला, तांदूळ घसरला म्हणून पुन्हा लिहावा लागला.

जिभेला काही झालं नाही, हे तुला मुद्दाम कळवते. त्या नावात माझी सासू होती, अजूनही असेल. पण मी ते घेतलं तेव्हा मला तिचा चेहरा आठवला नाही, समोर ही बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. निघायला उशीर झाला, त्याचं कारण जागेश्वरला सांगू नकोस. मला उगाचच तिला हाका मारायच्या होत्या. देवकी, माझा चष्मा कुठे आहे. देवकी, पदर सांभाळ, गॅस जवळ आहे. देवकी, इकडे ये जरा. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. तिच्या जावा हसायला लागल्या. ती दर वेळी ओ म्हणाली.

यमुताई